नाण्यांचे हरवलेले कोपरे

बाजारात एखाद्या वृद्धेने एका रुपयाऐवजी दोनाचे नाणे पुढे केले, अथवा लोकलच्या डब्यात किरकोळ वस्तू विकणाऱ्या अंध विक्रेत्याने मोड परत करताना शंभराची समजून दोनशेची नोट गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली, म्हणजे आजूबाजूच्या माणसांचा निवाडा ठरलेला असतो. "आजी, चष्मा लावून येत जा." "बाबा, सोबतीला कुणाला तरी घेऊन फिरत जा." हा निवाडा देणारी माणसे दुष्ट नसतात. पुष्कळदा ती दयाळूच असतात. परंतु त्यांच्या दयेतही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की चूक झाली ती माणसाच्या हातून. आरोपी म्हणून माणूस उभा केला जातो आणि ज्या वस्तूमुळे चूक घडली तिला साक्षीलाही बोलावले जात नाही.

मला या निवाड्याविरुद्ध अपील करावयाचे आहे. माझे म्हणणे असे, की त्या वृद्धेची चूक नाही, त्या विक्रेत्याचीही नाही. चूक नाण्याची आहे, नोटेची आहे, म्हणजेच त्यांना आकार देणाऱ्यांची आहे. एके काळी या देशाच्या नाण्यांना कोपरे होते, कंगोरे होते, आणि बोटांना ती ओळखता येत होती. आपल्या डोळ्यांदेखत हे कोपरे एकेक करून घासले गेले. त्याबद्दल कुणी फारशी तक्रार केली नाही. कारण ज्यांना तक्रार करता आली असती त्यांना डोळे होते.

वस्तू उत्तम घडलेली आहे हे कशावरून ओळखावे? ती कशी वापरावी हे तिला निराळे सांगावे लागत नाही, यावरून. सुपाची एक बाजू उघडी असते. पाखडलेले धान्य कोणीकडून ओतायचे हे लहान मुलालाही कळते. तांब्याचा गळा अरुंद असतो, तेथे हात आपोआप जातो आणि पाणी न सांडता उचलता येते. भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आलेल्या चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली आपल्या अहवालात याच साध्या लोट्याची मुक्त कंठाने प्रशंसा केली आणि त्या अहवालाच्या प्रेरणेतून १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. पुढे १९८८ साली डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने दैनंदिन वस्तूंच्या घडणीवर एक ग्रंथच लिहिला. माणसे दार ढकलण्याऐवजी ओढतात, शेगडीचे भलतेच बटण फिरवतात आणि मग स्वतःलाच मूर्ख म्हणतात. वस्तुतः मूर्खपणा त्या दाराच्या आणि शेगडीच्या घडणीत असतो, हे त्याने सोदाहरण दाखवून दिले. पाश्चात्त्य विद्यापीठांत हा विचार आता रुळला आहे. आपल्या बसच्या तिकिटखिडकीपर्यंत तो अद्याप पोहोचलेला नाही.

नाणे हे तर सर्व वस्तूंमध्ये विशेष. पेला हातात नीट बसत नसेल तर दुसरा घेता येतो. कुकरचे झाकण त्रास देत असेल तर पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा कुकर घेता येतो. नाण्याच्या बाबतीत असे स्वातंत्र्य कुणालाही नाही. टांकसाळ एकच शासनाची. तिने घडविले ते घ्यावे आणि तेच द्यावे. जेथे गिऱ्हाइकाला निवड करण्याचा अधिकार नाही, तेथे घडविणाऱ्याचे उत्तरदायित्व शतपटीने वाढते. शिवाय नाणे केवळ सुशिक्षितांचे नव्हे. ज्याला अक्षरओळख नाही, ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, जो दिवेलागणीनंतर कंदिलाच्या उजेडात भाजी विकतो, ज्याला गर्दीच्या बसमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने खिसा चाचपावा लागतो, त्या सर्वांचे ते आहे. नाण्याने त्यांच्याशी त्यांना कळेल अशा भाषेत बोलले पाहिजे. ही भाषा स्पर्शाची.

जुन्या नाण्यांना ही भाषा येत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, धातू वाचविण्यासाठी मध्यभागी छिद्र पाडलेला पैसा निघाला. 'भोकाचा पैसा' म्हणून आपल्या आजी-आजोबांनी तो कडदोऱ्यात ओवला. काटकसर हा हेतू होता, परंतु त्या छिद्रानेच तो पैसा अंधारातही ओळखू येई. त्याच सुमारास चालणारा आणा कंगोरेदार होता आणि दोन आण्यांचे नाणे चौकोनी. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, तेव्हाही ही परंपरा मोडली नाही. एक नवा पैसा लहान आणि गोल. दोन पैसे कंगोऱ्यांचे. पाच पैसे चौकोनी. दहा पैसे पुन्हा कंगोऱ्यांचे, पण आकाराने मोठे. १९६४ साली तीन पैशांचे षट्कोनी नाणे आले, १९८२ साली वीस पैशांचे. माझी पिढी ॲल्युमिनियमच्या या हलक्या नाण्यांवर वाढली. गोळ्या घ्यायला दुकानात पाठवलेले मूल खिशात हात घालून, न पाहता, पाच आणि दहा पैसे वेगळे काढीत असे. त्यात कसलेही कौशल्य नव्हते. कौशल्य नाण्यात होते.

मी गतकाळाची आरती ओवाळीत नाही. नव्या पैशांच्या आरंभीच्या वर्षांत आणे आणि पैसे यांच्या हिशेबाने लोक मेटाकुटीस आले होते. पंचवीस आणि पन्नास पैशांची नाणी तेव्हाही गोलच होती. पुढे महागाईने लहान नाण्यांची किंमतच उरली नाही आणि ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणी चलनातून कायद्यानेच बाद झाली. हे व्हावयाचेच होते. परंतु चौकोनी पाच पैसे गेले म्हणून चौकोनही गेलाच पाहिजे, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? लहान नाण्यांचे कोपरे मोठ्या नाण्यांना वारशाने देता आले असते. काही काळ तसे घडलेही. १९९२ पासून जी नाणी चालली ती आठवून पाहा. एक रुपया पोलादी, गोल आणि पातळ. दोन रुपये अकरा कोनांचे. पाच रुपये लहान परंतु चांगलेच जाड, हाताला जड लागणारे. ही तीन नाणी डोळे मिटून कुणीही वेगळी करावीत. त्यांपैकी दोन रुपयांचे नाणे तर आपल्या टांकसाळीचे भूषणच म्हटले पाहिजे. वर्तुळाच्या इतके जवळ की खिशात टोचत नाही, आणि वर्तुळापासून इतके निराळे की बोटाला चकवीत नाही.

मग २००५ साल उजाडले आणि दोन रुपयांचे नाणे गोल झाले. तेही पोलादी, रुपयाच्याच रंगाचे आणि व्यासात रुपयापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटरने मोठे. त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची एक आकृती होती. एकाच देहाची चार मस्तके, म्हणजे 'विविधतेत एकता', असा तिचा अर्थ रिझर्व्ह बँकेने सांगितला. काही हिंदुत्ववादी गटांना मात्र तिच्यात ख्रिस्ती क्रूस दिसला आणि मोठा गदारोळ उठला. या नियतकालिकाच्या वाचकांना तो आठवत असेल, कारण त्यात कारण नसताना आपले नाव गोवले गेले होते. त्या आकृतीने आपला काही लाभ झाला नव्हता आणि ती गेल्याने काही हानीही झाली नाही. खरी हानी निराळ्याच माणसांची झाली होती. ज्या नाण्याने आपले अकराच्या अकरा कोपरे गमावले, त्या नाण्यावरच्या रेषा कोणत्या धर्माच्या यावर डोळस माणसे वाद घालीत बसली. हे नाणे ओळखता येत नाही, असे दृष्टिहीनांनी तेव्हाच सांगितले होते. परंतु चिन्हांच्या भांडणात त्यांचा आवाज कोण ऐकणार? आपणही आपल्या बचावाचे खुलासे करण्यात गुंतलो. त्याच वेळी आपण त्यांच्या बाजूने बोललो असतो, तर क्रूसाचा अर्थ अधिक चांगल्या रीतीने सांगितला असता, असे मला वाटते.

२००७ साली ती आकृती गेली आणि नाण्यांवर हस्तमुद्रा आल्या. रुपयावर एक अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटे. कल्पना गोड होती. निरक्षराला अंकाऐवजी बोटे मोजता यावीत, ही त्यातील सद्भावना मान्य केली पाहिजे. परंतु बोटांचे चित्र बोटांना दिसत नाही, ते डोळ्यांनाच दिसते. कडा गोलच राहिली.

यानंतर २०११ साली जे झाले त्याला मी सरळ अन्याय म्हणतो. नव्या मालिकेत एक आणि दोन रुपयांची नाणी आकाराने लहान केली गेली. नवा रुपया सुमारे २२ मिलिमीटरचा झाला. म्हणजे जवळजवळ जुन्या पन्नास पैशांएवढा. नवे दोन रुपये २५ मिलिमीटरचे झाले. म्हणजे तंतोतंत जुन्या रुपयाएवढे. केवळ व्यास नव्हे, वजनही तेच, ४.८५ ग्रॅम, आणि धातूही तोच पोलाद. जणू प्रत्येक नाण्याला एक पायरी खाली उतरवून त्याच्या अंगावर धाकट्या भावाचे कपडे चढवले. आणि जुनी नाणी मात्र चलनात तशीच राहिली. अंध माणसाच्या तळहातावर जुना रुपया आणि नवे दोन रुपये शेजारी शेजारी ठेवा आणि त्याला सांगा, की यातले मोठे कोणते ते ओळख. ही परीक्षा माणसाची की टांकसाळीची?

रविवारच्या मिस्सानंतर दानपेटीतील नाणी मोजायला बसणारे आमच्या धर्मग्रामातील तरुण डोळस आहेत, सुशिक्षित आहेत आणि खिडकीतून भरपूर उजेड येत असतो. तरीही दोनाच्या ढिगात एकाची नाणी सापडतातच आणि पुन्हा मोजदाद करावी लागते. त्यांच्यावर कुणी रागावत नाही, कारण सर्वांना ठाऊक असते की नाणीच तशी आहेत. हाच न्याय आपण बाजारातल्या वृद्धेला का लावीत नाही?

७ मार्च २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते, दृष्टिहीन मुलांच्या उपस्थितीत, नाण्यांची आणखी एक मालिका प्रकाशित झाली. तिच्या घडणीत अहमदाबादच्या त्याच राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा सहभाग होता, आणि न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे, की ही मालिका विचारपूर्वक केलेली आहे. मूल्य वाढत जाते तसा आकार आणि वजन वाढते. रुपया २० मिलिमीटर, दोन रुपये २३, पाच रुपये २५, दहा रुपये २७. वीस रुपयांचे नाणेही २७ मिलिमीटरचेच, परंतु त्याला बारा बाजू आहेत. म्हणजे हरवलेले कोपरे निदान एका नाण्याला तरी परत मिळाले. ही मालिका एकटीच चलनात असती तर मी हा लेख लिहिला नसता.

पण ती एकटी नाही, आणि येथेच सारे मुसळ केरात जाते. १९९२ पासून २०११ पर्यंतचा रुपया २५ मिलिमीटरचा. २०११ नंतरचे दोन रुपये २५ मिलिमीटरचे. २०१९ नंतरचे पाच रुपयेही २५ मिलिमीटरचे. ही तिन्ही गोल नाणी आज एकाच खिशात असू शकतात आणि कायद्याने तिन्ही वैध आहेत. पाचाचे नाणे पिवळसर आहे, अधिक जाड आणि वजनदार आहे, हे खरे. परंतु रंग हा डोळ्यांचा विषय आणि वजनाचा अंदाज घ्यायला तुलनेसाठी दुसरे नाणे हाती लागते. बसचा वाहक तेवढा वेळ देत नाही. एखादी वस्तू स्वतः निर्दोष असूनही तिच्या आधीच्या भावंडांमुळे सदोष ठरू शकते. घडविणाऱ्याने केवळ नाण्याचा विचार करून भागत नाही. त्या नाण्याला ज्या खिशात राहावयाचे आहे त्या खिशाचा विचार करावा लागतो. हा विचार न केल्याचे परिणाम डोळसांनाही भोगावे लागले आहेत. दहा रुपयांच्या नाण्यांचे इतके निरनिराळे नमुने निघाले, की दुकानदार ती खोटी म्हणून नाकारू लागले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की चौदाच्या चौदा नमुने खरे आहेत. ज्या नाण्याचे खरेपण पत्रक काढून सांगावे लागते, त्याच्या घडणीविषयी अधिक काय बोलावे?

यावर अर्थशास्त्राचा आक्षेप येईल, की धातू महागला आहे. नाण्यातील धातूची किंमत नाण्याच्या मूल्यापेक्षा वाढली तर लोक नाणी वितळवतील. आक्षेप खरा आहे, म्हणून स्वस्त पोलाद आले आणि आकार लहान झाले, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु कोपऱ्याला धातू अधिक लागत नाही. उलट वर्तुळाच्या कडा छाटल्या तर तो वाचतोच. भोकाच्या पैशाने काटकसर आणि ओळख या दोन्ही गोष्टी एकाच छिद्रात साधल्या होत्या. ही बुद्धी १९४३ साली, युद्धाच्या धामधुमीत, परकी सत्तेला सुचली. मग स्वतंत्र भारताच्या टांकसाळीला ती का सुचू नये?

दुसरा आक्षेप यंत्रांचा. नाणे गोल नसेल तर यंत्रांत अडकते, असे सांगितले जाते. ब्रिटनने या आक्षेपाला १९६९ सालीच उत्तर दिले आहे. तेथील पन्नास पेन्सच्या नाण्याला सात बाजू आहेत, परंतु त्या सरळ नसून किंचित फुगीर आहेत. त्यांची गोलाई अशी हिशेबाने काढलेली आहे, की कोणत्याही दिशेने मोजले तरी नाण्याची रुंदी सारखीच भरते. त्यामुळे ते यंत्रातूनही सुरळीत सरकते आणि बोटांनाही ओळखू येते. युरोपीय राष्ट्रांनी २००२ साली युरोची नाणी चलनात आणली. त्यांतील वीस सेंटच्या कडेला सात खाचा आहेत. याउलट अमेरिकेने काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. १९७९ साली तेथे एक डॉलरचे नवे नाणे निघाले. ते मुळात अकरा कोनांचे करण्याचे ठरत होते. पण विक्रीयंत्रांच्या धंद्याने विरोध केला म्हणून ते गोल ठेवले गेले आणि अकरा कोन केवळ आतल्या चौकटीच्या नक्षीपुरते उरले. पाव डॉलरच्या नाण्याशी त्याचा इतका घोटाळा होऊ लागला, की लोकांनी ते नाणे जवळजवळ टाकूनच दिले. यंत्रांची सोय पाहिली आणि माणसांनी नाकारले. आपण त्या वेळी शहाणे होतो. पुढे आपलेच अकरा कोन आपण आपणहून घालविले.

नोटांची कथा याहून वेगळी नाही. १९९६ च्या महात्मा गांधी मालिकेत शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती आणि पाचशेची १६७. दहा मिलिमीटरचा फरक बोटाच्या पेरावर मोजता येत असे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर जी मालिका आली तीत शंभराची नोट १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर लांब आहे. रुंदी तिन्हींची सारखीच, ६६. चार मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढेही नव्हे! आणि जुनी शंभराची नोट अजून वैध आहे, तेव्हा आज शंभराची एक नोट पाचशेच्या नोटेपेक्षा मोठी आहे. ज्याने आयुष्यभर 'मोठी नोट, मोठे मोल' हा धडा बोटांनी गिरवला, त्याच्या बोटांना शासनाने एका रात्रीत खोटे ठरविले.

त्या दिवसांतील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. नव्या नोटांचा आकार बदलल्यामुळे एटीएम यंत्रांच्या कप्प्यांत त्या बसेनात. तेव्हा रिझर्व्ह बँकेने तातडीने एक कृतिदल नेमले, तंत्रज्ञ गावोगाव धावले आणि यंत्रे नव्या मापाला जुळवून घेण्यात आली. ते आवश्यकच होते. परंतु यंत्रांसाठी कृतिदल नेमले गेले त्या दिवसांत लाखो अंध बांधवांच्या बोटांसाठी कोण धावले? योगायोग असा, की त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात आपल्या संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा संमत केला. सर्वांना वापरता येईल अशी वस्तूंची रचना कशास म्हणावे, याची व्याख्याही त्या कायद्यात आहे. एक हात कायदा लिहीत होता आणि दुसरा हात त्या कायद्याला हरताळ फासणाऱ्या नोटा छापीत होता. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेला अखेर मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. चलनाचे आकार व खुणा पुन्हा पुन्हा बदलण्याची गरज काय, असा प्रश्न २०१९ साली त्या सुनावणीत न्यायालयानेच रिझर्व्ह बँकेला विचारला.

नव्या नोटांवर दृष्टिहीनांसाठी उंचावलेल्या खुणा आणि रेषा आहेत, असे उत्तर दिले जाते. आहेत, कोऱ्या नोटेवर त्या लागतातही. परंतु कोरी नोट कुणाच्या हाती येते? मासळी बाजारातून चार फेऱ्या मारून आलेल्या, घामाने भिजलेल्या, घडीवर झिजलेल्या नोटेवर त्या खुणांचा मागमूस उरत नाही. लांबी मात्र घामाने झिजत नाही. म्हणूनच शहाण्या देशांनी आकारावर भिस्त ठेवली. अमेरिकेत सर्व नोटा एकाच आकाराच्या आहेत. हा दृष्टिहीनांवर भेदभाव होय, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने २००८ साली दिला. तेव्हा आपल्या नोटांचे आकार चांगले दहा दहा मिलिमीटरने वेगळे होते आणि आपण त्यांच्या पुढे होतो. पुढे असलेल्याने मागे येण्यासाठी एवढी धडपड करावी, हे आश्चर्यच!

१ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने 'मणि' नावाचे मोबाइल ॲप काढले. फोनचा कॅमेरा नोटेवर धरला की फोन नोटेचे मूल्य बोलून सांगतो. ज्यांनी ते तयार केले त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही आणि ज्यांना ते उपयोगी पडते त्यांनी ते अवश्य वापरावे. परंतु त्यामागील तर्क तपासून पाहा. शंभराची नोट ओळखण्यासाठी हजारो रुपयांचा फोन जवळ असला पाहिजे, तो चार्ज असला पाहिजे, आणि गर्दीत, चोराचिलटांच्या देखत, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात उघडी नोट धरून उभे राहिले पाहिजे. म्हणजे वस्तू बिघडविली शासनाने आणि दुरुस्तीचा खर्च व जोखीम सोसावयाची ती अंधाने. सदोष घडणीचे हे सर्वत्र आढळणारे लक्षण आहे. घडविणाऱ्याचे श्रम वाचतात आणि ते श्रम वापरणाऱ्याच्या, त्यातही सर्वांत दुबळ्या वापरणाऱ्याच्या, शिरावर येऊन पडतात.

"फादर, आता नाणी-नोटा वापरतो कोण? सगळे फोनवरच चालते," असे तरुण मंडळी म्हणतील. त्यांना माझे सांगणे असे, की मग तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. जुन्या बटणांच्या फोनवर पाचाच्या आकड्यावर एक लहानसा उंचवटा असे. त्या एका टिंबावरून बाकीचे नऊ अंक बोटांना सापडत. केवढी लहान गोष्ट आणि केवढे शहाणपण! काचेच्या गुळगुळीत पडद्यावर तो उंचवटा नाही. फोनला वाचून दाखवता येते हे खरे; पण दुकानातील कार्डाच्या यंत्राचा पडदाही जेव्हा सपाट काचेचा असतो, तेव्हा अंध गिऱ्हाइकाला आपला गुप्त आकडा दुकानदारालाच सांगावा लागतो. दुसरीकडे, पैसे जमा होताच मोठ्याने रक्कम सांगणारी डबी आज भाजीच्या गाडीवरही दिसते. हात गुंतलेल्या विक्रेत्याच्या सोयीसाठी ती आली आणि अंध विक्रेत्यालाही तिने कुणावर विसंबून न राहता धंदा करण्याची मुभा दिली. एकासाठी नीट विचार केला की दुसऱ्याचेही भले होते. चौकोनी पाच पैशांनी हेच केले होते.

मूळ दोष कोठे आहे? मला वाटते, ज्याच्यासाठी वस्तू घडवायची त्याला विचारण्याची आपल्याला सवय नाही, येथे. या संदर्भात पॅरिसच्या अंधशाळेतील एका मुलाचे स्मरण करण्याजोगे आहे. तेथे शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची उंचवट्याच्या ठिपक्यांची लिपी आली होती. माणूस कल्पक होता, परंतु डोळस होता. त्याच्या लिपीत एका खुणेला बारापर्यंत ठिपके लागत आणि ते बोटाच्या एका स्पर्शात मावत नसत. बालपणीच दृष्टी गमावलेल्या लुई ब्रेलने १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, बाराचे सहा ठिपके केले. सहाच का? कारण बोटाच्या टोकाखाली तेवढेच मावतात. हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही. ते त्याच्या बोटालाच ठाऊक होते. १८२९ साली त्याची लिपी प्रसिद्ध झाली. पुढे पॅरिसमधील चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या या भाविक कॅथोलिक माणसाने अंधांवर दया केली नाही. त्याने त्यांच्या हातात योग्य मापाची वस्तू दिली. दया आणि योग्य माप यांतील अंतर आपल्या दानशूर समाजाने समजून घेण्याची वेळ आली आहे. आपण अंधशाळांना देणग्या देतो, नाताळात तेथे जाऊन केक वाटतो, आणि त्या मुलांना आयुष्यभर ज्या नाण्यांनी व्यवहार करावा लागणार आहे त्यांविषयी अवाक्षर काढत नाही.

म्हणून केवळ हळहळ व्यक्त करून न थांबता तीन मागण्या मांडतो. पहिली, २०१९ पूर्वीची एक, दोन आणि पाच रुपयांची गोल नाणी पुरेशी मुदत देऊन चलनातून क्रमाक्रमाने काढून घ्यावीत. नवी मालिका उत्तम आहे. तिला एकटीला श्वास घेऊ द्यावा. दुसरी, यापुढे कोणतेही नाणे वा नोट काढण्यापूर्वी तिची परीक्षा दृष्टिहीन स्त्री-पुरुषांच्या हातांनी व्हावी. तीही मंचावर कोऱ्या संचासह नव्हे, तर जुन्या, झिजलेल्या, मळक्या चलनात मिसळून. त्यांनी नापास केलेले नाणे मंत्र्यांनी पास करू नये. तिसरी, एकदा ठरविलेले आकार निदान एका पिढीपर्यंत बदलू नयेत. बोटांची स्मृती डोळ्यांच्या स्मृतीपेक्षा सावकाश घडते. ती मोडण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला असू नये.

या मागण्या दिल्लीसाठी आहेत, असे समजून कुणी पान उलटू नये. नाणी मुंबईच्या टांकसाळीतही पाडली जातात आणि नोटा नाशिकरोडच्या मुद्रणालयातही छापल्या जातात. तेथे नोकरी करणारे, बँकांत अधिकारी असणारे, अभियांत्रिकी आणि डिझाइन शिकणारे आपल्याच घरांतील आहेत. मंदिरात दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेची कथा आपण प्रवचनांतून कितीदा तरी ऐकली आहे. आपण काय टाकीत आहोत, हे तिला नेमके ठाऊक होते. त्या ज्ञानातच तिच्या दानाचे मोल होते. आपल्या हातात किती आहे हे स्वतःच्या हाताने जाणण्याचा हक्क गरिबाकडून काढून घेणारे नाणे कितीही चकचकीत असले, तरी ते खोटे नाणे आहे, एवढे म्हणण्याचे धैर्य आपल्यात असले पाहिजे.